धरणाऱ्याने इकडेतिकडे पाहू नये

त्यांच्या घरात चपला घालून गेलेले चालत असे. घड्याळ घालून गेलेले चालत नसे. दाराच्या आत एक सागवानी फळी होती. तिच्यावर घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, चाकू असेल तर चाकू काढून ठेवायचा आणि मग पुढे पाऊल टाकायचे. मी खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा मला हे कोणी सांगितले नव्हते. मी नमस्कार केला, नाव सांगितले, आणि कलेक्टर कचेरीत लागलो आहे हे जरा सावकाश सांगितले, म्हणजे त्याचा परिणाम व्हायला वेळ मिळेल. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही. मनगटाकडे पाहून म्हणाले,

"हे घड्याळ लग्नातलं का?"

"हो. सासऱ्यांनी दिलं."

"सासऱ्याले कळवून द्या."

संध्याकाळपर्यंत घड्याळ पाऊण तास पुढे गेले होते. त्यानंतर ते कधीच मागे आले नाही. पुढची सहा वर्षे मी कचेरीत वेळेआधी पोहोचणारा एकमेव कारकून म्हणून प्रसिद्ध होतो आणि साहेब माझे उदाहरण इतरांना देत.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. हे गृहस्थ यवतमाळच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते आणि तिथून निवृत्त होऊन घराच्या पडवीत सायकलच्या डायनमोंवर इलाज करीत. गाव त्यांना तोंडावर इंजिनियर म्हणे आणि पाठीमागे चुंबक. दोन्ही नावे त्यांना माहीत होती. दुसरे जास्त आवडे, कारण पहिल्याला कागद लागतो. अंगात पितळी गुंड्यांचा सदरा, घरात पितळेची भांडी. लोखंडी तवा मागच्या अंगणात वाळीत टाकल्यासारखा एकटा राही. त्याला भाकरीपुरते आत घेत. पडवीवर पाटी होती: "येथे घाई केली जात नाही." सरकारी कचेऱ्यांतही ही पाटी शोभली असती, पण सरकारला इतका प्रामाणिकपणा परवडत नाही.

त्यांचा धंदा समजायला थोडी माहिती लागते. डायनमोच्या पोटात सुपारीपेक्षा जरा मोठा एक चुंबक फिरतो, मधून दांडी गेलेला. तो फिरला की दिवा लागतो. या चुंबकाची खोड अशी की त्याला त्याच्या घरातून बाहेर काढले की त्याचे बळ ओसरते. आणि आपल्याकडच्या माणसाला चालू असलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय झोप येत नाही. कोणीतरी तेल घालायला म्हणून डायनमो उघडी, चुंबक हातात घेऊन मुलाबाळांना दाखवी, परत बसवी, आणि मग दिवा काजव्यासारखा लागे. तेव्हा गावात सायकलला दिवा नसला की हवालदार चाकांतली हवा सोडून देत. म्हणून लोक चुंबक घेऊन यांच्याकडे येत.

चुंबकात पुन्हा बळ भरण्यासाठी त्यांनी एक यंत्र केले होते. पांढरकवड्याला मोठ्या रस्त्यावर ट्रकांची गॅरेजे आहेत. तिथून टाकून दिलेल्या सहा बॅटऱ्या आणून त्यांनी त्या दुभत्या म्हशींसारख्या पाळल्या होत्या. रोज पाणी पाजायचे, अंग पुसायचे, आणि कोणती आज नाराज आहे ते ओळखायचे. टेबलाच्या मधोमध लोखंडाचा एक पंजा होता, आठ बोटे आत वळलेला, प्रत्येक बोटाला तांब्याच्या तारेचे वेढे. बोटांच्या मध्ये चुंबक धरायचा आणि खटका दाबायचा. 'खाट्' असा एकच आवाज व्हायचा आणि शेजारच्या खोलीत माझे दाढीचे पाते टेबलावर तसूभर सरकायचे, अशी माझी समजूत आहे.

सगळी अडचण त्या 'खाट्'मध्ये होती. त्या क्षणी आठही बोटे चुंबकाला आपापल्याकडे ओढतात. तो बरोबर मध्ये असेल तर सगळ्यांची ओढ सारखी, म्हणून तो जागेवर राहतो. केसभर बाजूला झाला की जवळचे बोट जिंकते, चुंबक त्याच्यावर आपटतो आणि फुटतो. कारण दिसायला लोखंड असला तरी स्वभावाने तो काच आहे. लोखंडी पकडीत धरावा तर पकडच त्याला चिकटते. जोरात आवळावा तर दांडी वाकते. थोडक्यात, बळ भरणे सोपे, धरणे अवघड. यासाठी त्यांनी जे साधन केले होते त्याला ते मामा म्हणत.

मामा म्हणजे सागवानाच्या ठोकळ्याचे दोन अर्धे, पितळी बिजागरीवर शिंपल्यासारखे मिटणारे. आत चुंबकाच्या मापाची पोकळी. तिला त्यांच्या वारलेल्या बायकोच्या लुगड्याचे अस्तर, अस्तराखाली पिंजलेला कापूस. बाजूने आठ खाचा, त्यांतून पंज्याची बोटे आत येत. चुंबक आत ठेवून मामा मिटायचा आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचा.

"याला मामा का म्हणता?" मी एकदा विचारले.

"तुमचे कान टोचले तवा कोणाच्या मांडीवर बसले होते?"

"मामाच्या."

"बापाच्या काहून नाही?"

शिकलेल्या माणसाला उत्तर आले नाही की ते खूश होत.

"बाप लय घट्ट धरते, त्याले भेव असते. माय सैल धरते, तिले रडू येते. मामा बरोबर धरते. टोचणाऱ्या सोनाराचं नाव होते, बाबू, पण कान वाचवते मामा."

"पण हाताने कशाला दाबायचा? एखादा स्क्रू लावा."

"लेकरू हाललं हे स्क्रूले कळते का?"

धरण्याचा त्यांचा एकच नियम होता. धरणाऱ्याने लेकराकडे पाहावे. खटक्याकडे नाही, बॅटऱ्यांकडे नाही, अन् पाव्हण्यांकडे तर मुळीच नाही. धरताना कोणी बोलले तर ते काम थांबवून त्याला बाहेर बसवीत. गावातले एक नामांकित वकील सोन्याचे घड्याळ काढायला तयार होईनात तेव्हा हे म्हणाले, "वकीलसाहेब, कोर्टात तुम्ही काळा कोट घालता, इथं घड्याळ काढा. दोन्ही नियम सारखेच येडे आहेत." वकिलांनी घड्याळ काढले. युक्तिवादात हरण्याचा त्यांना सराव असावा.

बळ भरले की परीक्षा होई. चुंबकाला एकाखाली एक खिळे लटकवायचे. सहा खिळे धरले तर पास. पाचावर अडकला तर गिऱ्हाइकाला सांगत, "तुमचं पोट्टं नापास झालं. उद्या या." मानपान, सत्कार, हार-तुरे यांचा त्यांना तिटकारा होता. अभिमान एकाच गोष्टीचा. फळीवर एक काचेची बरणी होती, फुटलेल्या चुंबकांसाठी ठेवलेली. इतक्या वर्षांत ती रिकामी होती. येणाऱ्याला ती दिसेल अशीच ठेवलेली असे, आणि नाही दिसली तर ते ती पुसायला घेत.

पलीकडच्या गल्लीत सरकारी नर्सबाई राहत. बाभुळगावच्या रस्त्याला लागून असलेल्या सात-आठ खेड्यांतली बाळंतपणे त्यांच्याकडे. पंचविशीच्या, उंच, बोलायला सडेतोड. घरच्यांनी छप्पन साली धर्म बदलला, देव्हारा गेला आणि पुस्तके आली. त्या पुस्तकांतून ही मुलगी नर्स झाली. तिच्याबद्दल गावाचे दोन आक्षेप होते: बाई सायकलवर बसते, आणि ही बाई बसते. घरात बाळंतपण अडले की दोन्ही आक्षेप तात्पुरते मागे घेतले जात.

तिच्या सायकलचा डायनमो परदेशी होता, कोणा मिशनच्या डॉक्टरीणबाईने जाताना दिलेला. बाभुळगावच्या एका सायकलवाल्याने आपुलकीने तो उघडून तेल घातले आणि दिवा गेला. ती चुंबक रुमालात बांधून घेऊन आली.

"काकाजी, लवकर करून द्या. जाता-येता रोज अंधार पडते. त्या नाल्यापाशी परवा पडता पडता वाचली. दुखणं लागलेली बाई वाट पाहून राह्यते, अन् मी दगड चाचपत चालली."

त्यांनी चुंबक उजेडात धरला. इतका बारीक, इतका सफाईचा चुंबक त्यांच्याकडे कधी आला नव्हता. ते त्याच्यासाठी वेगळा, लहान मामा कोरायला बसले, अस्तराला तेच लुगडे काढले आणि तिला कान टोचण्याची गोष्ट ऐकवू लागले.

"आमच्यात आता हे कान टोचणं-बिचणं बंद झालं, काकाजी."

"टोचणं बंद झालं. धरणं तं बंद नाही झालं ना?"

ती हसली. "त्याचाच तं पगार घेते मी."

"परवा संध्याकाळी घेऊन जा," ते म्हणाले. त्यांनी दिवस नेमून दिल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्याच दिवशी एका नव्या तंत्रशाळेचे प्राचार्य आले. शाळेत उद्याच यंत्रांचे प्रदर्शन भरणार होते, नागपूरहून मोठे साहेब येणार होते, आणि प्राचार्यांना 'ग्रामीण यंत्रप्रतिभेचा साक्षात्कार' घडवायचा होता. ते छापून आल्यासारखे बोलत.

"ग्रामीण कायचं?" म्हातारा म्हणाला. "पन्नास वर्सं यवतमाळात राहून राह्यलो. तुम्ही कोणच्या गावचे?"

प्राचार्य कोणत्या तरी खेड्याचे निघाले. मला वाटले, आता हे त्यांना हाकलणार. पण माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. प्राचार्यांनी आत येताना कोणी न सांगता घड्याळ काढून फळीवर ठेवले होते. म्हातारा तिथेच हरला. सत्काराला भुलत नाही अशा माणसाला भुलवायला फार थोडे लागते, फक्त ते बरोबर जागी लागावे लागते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्यांनी माझा कोट मागून नेला. बॅटऱ्या आणि पंजा हातगाडीवर चढले. आणि खिशात नर्सबाईचा चुंबक.

"दुसऱ्याची वस्तू प्रदर्शनात?" मी म्हटले. "आपल्याकडे जुने चुंबक पडलेत की."

"पाव्हण्यायच्या घरी जाताना चांगलंच लेकरू नेतात, बाबू. तसंही आज भरायचाच आहे. तिथं भरतो अन् संध्याकाळी तिले देतो."

मी आणखी काही बोललो नाही. कोट त्यांना माझ्यापेक्षा चांगला दिसत होता, त्याचेही थोडे वाईट वाटत होते.

मांडवात कमान, ईशस्तवन, हार, आणि प्राचार्यांचे प्रास्ताविक. प्रास्ताविकात विश्वाच्या उत्पत्तीपासून तंत्रशाळेच्या स्थापनेपर्यंतचा काळ आला. मग खटका दाबण्याचा मान साहेबांचा आणि धरण्याचे काम यांचे. त्यांनी नवा मामा उघडला, चुंबक ठेवला, मिटला, पंज्यात बसवला, दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घातली. साहेबांनी खटक्यावर बोट ठेवले.

तेवढ्यात तिपाईमागून काळे फडके बाजूला करून फोटोग्राफर म्हणाला, "बाबा, जरा इकडे पाहा. हसा थोडं."

आणि त्यांनी पाहिले. हसले सुद्धा. मी त्यांना इतके मोकळे हसताना त्याआधी पाहिले नव्हते.

खाट्. आणि त्या आवाजाच्या पोटात दुसरा एक बारीक आवाज, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

टाळ्या झाल्या. साहेबांना वाटले, चुंबक जिवंत होताना असाच आवाज होत असेल. प्राचार्यांनी तसे जाहीरही केले. म्हाताऱ्याने मामा बोटभर उघडला, आत पाहिले आणि मिटला. मग खुर्चीत जाऊन बसले आणि उरलेली चारही भाषणे मामा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी दाबून धरून ऐकली. आता धरण्यासारखे आत काही नव्हते.

संध्याकाळी ते माझ्याच कोटात नर्सबाईकडे गेले. मला बरोबर नेले. बहुधा साक्षीदार म्हणून. तिच्या उंबऱ्यात त्यांनी मामा उघडून तीन तुकडे दाखवले.

"हात ढिला पडला. मी फोटोवाल्याकडं पाह्यलं."

तिने एक तुकडा उचलून परत ठेवला. मग म्हणाली, "तुमचं प्रदर्शन झालं काकाजी. माह्या रस्त्याचं काय?"

"मी आहो ना," असे काही ते म्हणतील असे मला वाटले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुह्यं." आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना हवालदाराने मला अडवले. "दिवा कुठं आहे?" मी दिव्याकडे बोट दाखवले. "अन् डायनमो?" डायनमो नव्हता. माझी दोन्ही चाके सपाट करून हवालदार म्हणाला, "तुमच्यावालाच डायनमो नर्सबाईच्या सायकलवर पाह्यला का मी आता?" तोच होता. मी सायकल ढकलीत घरी आलो आणि जाब विचारला.

"तुम्हाले अंधारात कुठं जायचं राह्यते?" ते म्हणाले. "कचेरीत?"

मग त्यांनी पडवीची पाटी उलटी करून मागे खडूने लिहिले: "सुतक आहे." दहा दिवस दुकान बंद. शेजारीपाजारी भेटायला येऊ लागले. कोण गेलं म्हणून विचारले की ते गंभीरपणे सांगत, "एक परदेशी पाव्हणा होता. माह्या हातात गेला." दोन बायका डोळ्याला पदरही लावून गेल्या. बरणी आता रिकामी नव्हती. तिच्यात तीन तुकडे होते आणि ती फळीवर तिथेच, सगळ्यांना दिसेल अशीच होती. ती लपवायला मी दोनदा सुचवले. दोन्ही वेळा त्यांनी ती पुसायला घेतली.

तसा चुंबक मिळावा म्हणून मी त्यांच्या वतीने नागपूरला पत्रांवर पत्रे लिहिली. दीड महिन्याने कोणा जुन्या सामानवाल्याकडून एक आला, पण पार मेलेला. एक टाचणीही धरीना. त्यांनी नर्सबाईला निरोप धाडला. ती आली, फळीवर घड्याळ ठेवले, केसांतले आकडे काढून ठेवले. त्यांनी मामा तिच्या हातात दिला.

"तू धर. मी खटका दाबतो."

"मी? मले काय येते त्यातलं?"

"आजवर किती लेकरं झेलली?"

"मोजली नाही."

"एखादं सुटलं?"

मामा पंज्यात बसवून तिने दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घातली. ते खटक्यापाशी गेले. तिथून त्यांनी मुद्दाम, चांगल्या मोठ्या आवाजात हाक मारली, "बाई, इकडं पाह्य."

तिने मान वर केली नाही. "चूप बसा, काकाजी," ती म्हणाली.

खाट्.

सात खिळे. असा पास त्या घरात पूर्वी कोणी झाला नव्हता. माझा डायनमो मला परत मिळाला. तो तिने एकदाही उघडून पाहिला नव्हता, हे विशेष.

याच सुमारास प्राचार्यांनी तो फोटो चौकट करून पाठवला. फोटो खरेच उत्तम होता. माझा कोट, हातात मामा, आणि चेहऱ्यावर ते मोकळे हसू. त्यांनी तो टेबलासमोरच्या भिंतीवर, धरताना मान वर केली तर नेमका दिसेल असा टांगला. येणारा प्रत्येक जण म्हणे, फोटो फार चांगला आला.

"येणारच," ते म्हणत. "चोरी करताना असा फोटो कोणत्या चोराचा निघते?"

पुढे चार-पाच वर्षांनी एका उन्हाळ्यात ते गेले. आजारी पडून फार दिवस कोणाला राबवले नाही. शोकसभा प्राचार्यांनीच तंत्रशाळेत घेतली. म्हाताऱ्याचा आयुष्यातला फोटो तेवढा एकच. तो मोठा करून, हार घालून व्यासपीठावर ठेवला होता. मी आणि नर्सबाई तिसऱ्या ओळीत बसलो होतो. प्राचार्यांनी फोटोकडे हात केला.

"पाहा हा चेहरा. जड वस्तूत चैतन्य ओतण्याच्या नेमक्या त्या क्षणी टिपलेले हे समाधान. ही तन्मयता आज कुठे आढळते?"

नर्सबाई समोर पाहत, ओठ न हलवता म्हणाली, "त्याच टायमाले फुटला."

मला हसू आले. ते खोकल्यात घालता घालता डोळ्यांत पाणी आले. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकूण सभेत मीच सर्वांत शोकाकुल दिसलो असे नंतर कळले.

बॅटऱ्या आणि पंजा कळंबचा एक पुतण्या घेऊन गेला. त्या म्हशींचे पुढे काय झाले मला माहीत नाही. नर्सबाईने फक्त लहान मामा मागितला. पुतण्याला तो लाकडाचा तुकडा वाटला, म्हणून मिळाला.

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त बाभुळगावच्या बाजूला गेलो असताना एका खेड्यात लिंबाखाली बायका-पोरांची गर्दी दिसली. मध्ये खुर्चीवर नर्सबाई, केस पांढरे होऊ लागलेले. सायकल झाडाला टेकलेली, तिच्यावर तोच डायनमो. मांडीवर मामा उघडा होता. चुंबकाच्या जागी आता औषधाची इवलीशी काचेची शिशी बसली होती. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांनी सायकलवर शिशी धड पोहोचवायला यापेक्षा चांगली सोय सरकारने काही दिली नसावी.

मी पुढे होऊन म्हटले, "बाई, ओळखलं का?"

"थांबा," ती म्हणाली. मान वर केली नाही.

तिने औषध सुईत घेतले. शिशी लुगड्याच्या अस्तरात परत बसवली. दोन्ही अर्धे मिटले, पितळी कडी लावली, हाताने एकदा दाबून पाहिले. एका आईच्या मांडीवरल्या पोराचा दंड धरला आणि टोचले. पोराने गाव गोळा होईल असे भोकाड पसरले. तो थांबेपर्यंत ती त्याच्याकडेच पाहत होती.

मग तिने वर पाहिले.

"अरे, भाऊ तुम्ही?" ती म्हणाली. "कवाचे उभे आहात?"